चित्रांतील घराचा उजेड

नवी जागा घेण्याचा बेत ठरला म्हणजे हल्लीं कुटुंबाच्या हातीं प्रथम घर येत नाहीं, घराचें चित्र येतें. इमारतीचें जोतें अजून भरलेलें नसतें. परंतु गुळगुळीत कागदावर किंवा संगणकाच्या पडद्यावर दिवाणखाना सजून तयार असतो. खिडकींतून कोंवळें ऊन आंत येऊन जमिनीवर पसरलेलें असतें, पडदा किंचित् हाललेला असतो, आणि कोचाखालीं मऊ सावली पडलेली असते. घरांतील मंडळी तें चित्र हातोहात फिरवितात. कोणी फरशी पाहतें, कोणी स्वयंपाकघराचा ओटा पाहतें. मग एखादी आजीबाई चष्मा सावरून विचारते, "हें ऊन येतंय कुठून?" प्रश्न साधा असतो; पण त्याचें उत्तर बहुधा कोणाजवळच नसतें.

ह्या एका प्रश्नांत दोन प्रश्न दडलेले आहेत. एक असा कीं, जी खोली अद्यापि अस्तित्वांतच नाहीं तिच्यांतील उजेड डोळ्यांना खरा वाटावा असा रंगवितां कसा येतो? आणि दुसरा असा कीं, जो खरा वाटतो तो खरा असतोच काय? पहिला प्रश्न शास्त्राचा आणि कलेचा आहे. दुसरा व्यवहाराचा आहे. आणि आयुष्याची पुंजी ज्यांना घरांत घालावयाची असते, त्यांच्या दृष्टीनें तोच अधिक महत्त्वाचा. परंतु पहिला उलगडल्याखेरीज दुसऱ्याचें उत्तर देतां येत नाहीं.

इमारतीच्या अंतर्भागाचें चित्र काढण्याची कला संगणकाहून पुष्कळच जुनी आहे. सतराव्या शतकांत हॉलंडमध्यें पीटर सानरेडाम (१५९७–१६६५) हा चित्रकार चर्चच्या इमारतींत जाऊन प्रत्यक्ष मापें घेई, त्यांवरून यथार्थदर्शनाच्या नियमांनुसार नेमकी आकृति बांधी, आणि कित्येकदां पुष्कळ वर्षांनंतर तिच्यावरून रंगीत चित्र तयार करी. त्या चित्रांत मोठी घटना अशी कांहीं नसते. चुन्यानें पांढऱ्या केलेल्या भिंती आणि त्यांवरून सरकत जाणारा उजेड, एवढाच त्यांचा विषय. पांढरी भिंत कोठेंच सारखी पांढरी नसते. खिडकीजवळ ती उजळ असते, कमानीखालीं राखी होते आणि कोपऱ्यांत निळसर किंवा पिवळसर होऊन विरते. हा भेद जो टिपतो त्याच्याच चित्रांतील खोलींत आपले पाय टेकतील असें पाहणाऱ्याला वाटतें.

पुढें इंग्लंडांत सर जॉन सोन (१७५३–१८३७) ह्या वास्तुशिल्पज्ञानें आपल्या योजना लोकांपुढें मांडण्यासाठीं जोसेफ मायकेल गँडी (१७७१–१८४३) ह्या कुशल चित्रकाराचें साहाय्य घेतलें. सोनच्या इमारतींत उजेड बहुधा वरून, कोठून येतो हें चटकन् न समजेल अशा रीतीनें येई. लंडनमधील त्याच्या स्वतःच्या घरांत, जें आज संग्रहालय आहे, छताच्या झरोक्यांना पिवळसर कांचा बसविलेल्या आहेत. त्यामुळें लंडनच्या धुरकट दिवसांतहि आंत सोनेरी आभा राहते. अशा उजेडाचें वर्णन नकाशावरील रेषांनीं होण्यासारखें नव्हतें. तें गँडीच्या जलरंगांनीं होऊं शकलें. नकाशा भिंती कोठें आहेत हें सांगतो; त्या भिंतींमध्यें बसल्यावर कसें वाटेल हें सांगण्याचें काम चित्रांतील उजेडावर येऊन पडतें.

चित्रकाराजवळ डोळा असतो; संगणकाजवळ तो नाहीं. खोलीची लांबीरुंदी, खिडकीची जागा, खुर्चीचा आकार हें सर्व त्याला आंकड्यांनीं सांगावें लागतें, आणि उजेड कसा वागतो हेंहि आंकड्यांनींच सांगावें लागतें. सुदैवानें त्यांतील मूळ नियम फार पूर्वींच ठाऊक झालेले आहेत. योहान हाइनरिख लाम्बेर्ट ह्या विद्वानानें १७६० सालीं 'फोटोमेट्रिया' हा ग्रंथ प्रसिद्ध करून प्रकाशाच्या मोजमापाचें शास्त्र पद्धतशीर मांडलें. लहानशा दिव्यापासून अंतर दुप्पट झालें म्हणजे उजेड निम्मा नव्हे, चौथाई होतो. पृष्ठभागावर किरण सरळ पडले तर उजेड सर्वांत अधिक. ते तिरपे होत गेले कीं तोच प्रकाश अधिक जागेवर पसरतो आणि मंदावतो. चुन्याच्या भिंतीसारखा खरखरीत पृष्ठभाग कोणत्याहि बाजूनें पाहिला तरी जवळजवळ सारखाच उजळ दिसतो. आरशाचें मात्र तसें नाहीं.

संगणकानें काढलेल्या आरंभींच्या चित्रांत दिव्यापासून थेट येणाऱ्या प्रकाशाचाच हिशेब असे. १९८० सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंतील टर्नर व्हिटेड ह्यांनीं एक नवी रीति प्रसिद्ध केली. पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून उलट दिशेनें किरणाचा माग काढावयाचा. तो आरशावर आपटला तर परतलेल्या मार्गानें, कांचेंतून गेला तर वळलेल्या मार्गानें पुढें न्यावयाचा. ह्या रीतीनें चकचकीत गोळे आणि कांचेच्या वस्तु ह्यांचीं चित्रें आश्चर्य वाटण्याइतकीं हुबेहूब उठूं लागलीं. परंतु राहत्या खोलीचें चित्र मात्र फसत असे. दिव्याचा किरण जेथें थेट पोंचत नाहीं तेथें ह्या गणिताप्रमाणें काळाकुट्ट अंधार यावयाचा. तो टाळण्यासाठीं सबंध चित्रांत एक ठराविक उजेड सारखाच मिसळून देत. भाजींत मीठ कमी पडलें म्हणून सगळ्या ताटावरच मीठ भुरभुरावें, तसा तो प्रकार होता. अंधार गेला; पण खोलीची खोलीहि त्याबरोबर गेली, आणि सर्व वस्तु कागदांतून कातरून चिकटविल्यासारख्या दिसूं लागल्या.

ह्या हिशेबांत काय राहून गेलें होतें, हें जुन्या वाड्याच्या माजघरांत उभें राहिलें म्हणजे तत्काळ समजतें. माजघराला बहुधा बाहेरची खिडकी नसते. ऊन पडतें तें चौकांत. चौकांतील फरशीवर आपटून तें उजेडाच्या रूपानें ओसरीच्या छताकडे जातें, तेथून ओसरीच्या भिंतीवर उतरतें, आणि दारांतून आंत शिरून माजघराच्या भिंतीवर क्षीण होऊन पोंचतें. सूर्याचा एकहि किरण तेथें सरळ येत नाहीं. तरीहि दुपारच्या वेळीं दाराजवळ बसून तांदूळ निवडतां येतात. भिंती नुकत्याच चुन्यानें सारवलेल्या असल्या तर माजघर प्रसन्न दिसतें. वरचें कडीपाट धुरानें काळवंडलेलें असलें तर तोच उजेड तेथें जाऊन गडप होतो. घरांतील उजेड हा बव्हंशीं असा हातोहात पोंचलेला उजेड असतो. थेट किरण हा केवळ त्याचा आरंभ होय.

ह्या हातोहात देण्याघेण्याचा हिशेब साध्या अंकगणितानें करून पाहण्यासारखा आहे. ताजी पांढरी भिंत आपल्यावर पडलेल्या उजेडापैकीं सुमारें ८० टक्के परत फेंकते. काळसर लाकूड पंधरा-वीस टक्क्यांहून अधिक देत नाहीं. सर्व बाजूंनीं बंद अशा खोलींत १०० भाग उजेड सोडला आणि सर्व पृष्ठभाग ८० टक्के परत देणारे असले, तर पहिल्या आघातानंतर ८० भाग, दुसऱ्यानंतर ६४, तिसऱ्यानंतर सुमारें ५१, अशी ती मालिका चालते. आणि सर्वांची बेरीज ५०० भाग होते. म्हणजे खोली मूळ उजेडाच्या पांचपट उजळते. पृष्ठभाग निम्मा उजेड परत देणारे असले तर बेरीज २०० होते. आणि २० टक्केच देणारे असले तर अवघी १२५. खऱ्या खोलींत कांहीं उजेड खिडकीवाटे पुन्हां बाहेर जातो, म्हणून प्रत्यक्ष आंकडे ह्याहून कमी येतात. परंतु कल हाच राहतो. दिवा तोच, खिडकी तीच. केवळ भिंतींच्या रंगामुळें एक खोली दुसरीच्या तिप्पट-चौपट उजळ होऊं शकते. घराला पांढरा हात देण्याची जुनी चाल केवळ स्वच्छतेसाठीं नव्हती, हें ह्यावरून ध्यानांत येईल.

उजेड परततांना नुसता परतत नाहीं, तर भिंतीचा रंगहि थोडासा उचलून नेतो. तांबड्या कोब्याच्या जमिनीवर ऊन पडलें म्हणजे पांढऱ्या छतावर गुलाबी झांक येते. हिरव्या पडद्याजवळची भिंत हिरवट होते. नित्य पाहण्यांतील असल्यामुळें ह्या छटा कोणाच्या लक्षांत येत नाहींत; परंतु चित्रांतून त्या काढून टाकल्या तर कांहींतरी चुकतें आहे असें पाहणाऱ्याला तत्काळ जाणवतें. काय चुकतें तें मात्र त्याला सांगतां येत नाहीं.

हा हातोहातचा हिशेब संगणकाला शिकविण्याचें महत्त्वाचें पाऊल १९८४ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील कॉर्नेल विद्यापीठांत पडलें. सिंडी गोरल, केनेथ टॉरन्स, डोनाल्ड ग्रीनबर्ग आणि बेनेट बटेल ह्यांनीं त्यासाठीं जी पद्धति योजिली ती मुळांत प्रकाशाची नव्हतीच. भट्टीच्या एका भिंतीकडून दुसरीकडे उष्णता किती जाते, हें काढण्यासाठीं अभियंते तिचा उपयोग करीत आले होते. खोलीचे लहान लहान तुकडे पाडावयाचे, प्रत्येक तुकड्याला दुसरा प्रत्येक तुकडा किती 'दिसतो' हें मोजावयाचें, आणि सर्वांचा जमाखर्च जुळेपर्यंत समीकरणें सोडवावयाचीं. त्यांच्या प्रयोगाचा विषय म्हणजे एक साधें रिकामें खोकें होतें. बाजूच्या भिंती रंगीत आणि बाकीच्या पांढऱ्या. परंतु त्या रंगीत भिंतींची छटा शेजारच्या पांढऱ्या भिंतींवर उतरलेली संगणकाच्या चित्रांत दिसली, आणि खऱ्या खोक्यांतहि ती तशीच दिसत होती. पुढें १९८६ सालीं कॉर्नेलच्याच मंडळींनीं अशा एका खऱ्या खोक्याची प्रतिमा आणि संगणकीय चित्राची प्रतिमा कॅमेऱ्याच्या दुधी कांचांवर शेजारीं शेजारीं दाखवून लोकांना विचारलें कीं, ह्यांतील खरें कोणतें? लोकांचीं उत्तरें नुसत्या अंदाजापेक्षां अधिक अचूक आलीं नाहींत. घराच्या चित्राकडे पाहून "हें खरें वाटतें" असें म्हणणाऱ्यांनीं हा प्रयोग अवश्य ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

त्याच १९८६ सालीं कॅलिफोर्निया तंत्रविद्या संस्थेंतील जेम्स काजिया ह्यांनीं उजेडाचे सर्व प्रकारचे व्यवहार एकाच समीकरणांत गोंवले. त्याचा अर्थ शब्दांत सांगावयाचा तर असा: कोणत्याहि बिंदूपासून डोळ्याकडे येणारा उजेड म्हणजे त्या बिंदूचा स्वतःचा उजेड, अधिक सर्व दिशांनीं त्यावर येऊन डोळ्याच्या दिशेनें परतणारा उजेड. वाक्य लहान आहे. परंतु त्यावर येणारा उजेड दुसऱ्या बिंदूंकडून आलेला, त्यांचा तिसऱ्यांकडून आलेला, अशी ही साखळी संपतच नाहीं. ती संपूर्ण मोजणें अशक्य म्हणून तिचा नमुना घ्यावयाचा. भात शिजला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं सगळीं शितें चिवडण्याचें कारण नसतें. निकोलस मेट्रोपोलिस व स्टॅनिस्लाव उलाम ह्यांनीं १९४९ सालीं 'मोंटे कार्लो' ह्या नांवानें प्रसिद्ध केलेली यदृच्छ नमुन्यांची पद्धति येथें उपयोगी पडली. प्रत्येक ठिपक्यामागें शेंकडों किरण वाटेल त्या दिशांनीं सोडावयाचे आणि त्यांची सरासरी काढावयाची. किरण थोडे असले तर चित्रावर वाळू पसरल्यासारखे कण दिसतात. ते निम्म्यावर आणावयाचे तर किरण चौपट करावे लागतात. म्हणूनच अंधाऱ्या कोपऱ्याचें स्वच्छ चित्र काढण्यास उजळ अंगणाच्या चित्रापेक्षां यंत्राला पुष्कळ अधिक श्रम पडतात. आज घरांचीं जीं चित्रें निघतात, त्यांच्या मुळाशीं बहुतेक हीच पद्धति असते.

गणित इतकें पुढें गेलें तरी चित्र आपोआप खरें होत नाहीं. कारण उजेड कोठून व कसा येतो हें शेवटीं मनुष्यालाच ठरवावें लागतें. दिवसाच्या चित्रांत दोन निराळे दिवे असतात, सूर्य आणि आकाश. आणि त्यांची गल्लत ही नवशिक्याची पहिली चूक होय. सूर्य लहान दिसतो, पण तो बिंदु नव्हे. आकाशांत त्याची रुंदी सुमारें अर्धा अंश भरते. त्यामुळें उन्हांतील सावलीची कड कधींच सुरीनें कापल्यासारखी नसते. सावली पाडणारी वस्तु जमिनीपासून फूटभर अंतरावर असली तर ती कड दशांश इंचाएवढी अंधुक होते. दहा फुटांवर असली तर इंचभराहून थोडी अधिक. खिडकीच्या गजाची जमिनीवरील सावली आणि खुर्चीच्या पायाची सावली, दोन्ही सारख्याच तीक्ष्ण काढल्या कीं डोळा फसत नाहीं. आकाशाचा उजेड ह्याच्या उलट. तो सर्व बाजूंनीं येतो, म्हणून त्याची सावली मऊ असते. परंतु ती नसतेच असें मात्र नाहीं. कपाट जेथें जमिनीला टेकतें तेथें एक बारीक काळोखी रेघ असतेच. ती राहून गेली तर कपाट तरंगूं लागतें.

रंगाचेंहि असेंच आहे. तापविलेलें लोखंड आधीं लाल, मग पिवळें, मग पांढरें होतें. त्यावरून उजेडाचा रंग तपमानाच्या आंकड्यानें सांगण्याची चाल पडली. मेणबत्तीचा उजेड सुमारें १,९०० केल्विनचा, तारेच्या जुन्या विजेच्या दिव्याचा २,७०० च्या आसपास, दुपारच्या उन्हाचा ५,५०० च्या आसपास, आणि निरभ्र निळ्या आकाशाचा १०,००० किंवा त्याहूनहि अधिक मोजला जातो. म्हणून संध्याकाळीं खिडकींतून येणारा उजेड निळसर आणि घरांतील दिव्याचा पिवळा दिसतो. त्या दोहोंची भेट ज्या भिंतीवर होते, ती भिंत नीट साधली तर चित्रांतील संध्याकाळ बोलूं लागते.

दिव्यांच्या बाबतींत, प्रत्येक दिवा कोणत्या दिशेला किती उजेड देतो ह्याचें मोजलेलें कोष्टक कारखानदार पुरवितात. अमेरिकेंतील प्रकाश-अभियंत्यांच्या संस्थेनें १९८६ सालीं त्या कोष्टकाचा एक ठराविक नमुना घालून दिला. तो वापरला म्हणजे भिंतीवरील दिव्याचा उजेड खऱ्या दिव्यासारखा वर-खालीं पंख्याप्रमाणें पसरतो. नाहीं तर चित्रकार आपल्या सोयीसाठीं कोठेंतरी अदृश्य दिवा टांगून ठेवतो. खोली झळकते, पण त्या उजेडाचा धनी चित्रांत सांपडत नाहीं.

आणखी एक अडचण डोळ्याची आहे. उन्हांतील जमिनीवर सुमारें एक लाख लक्स एवढा उजेड असतो. ढगाळ दिवशीं बाहेर दहा हजारांच्या आसपास असतो. आणि घरांत मध्यभागीं शंभर-दोनशे लक्स असला तरी खोली ठीक वाटते. बाहेर आणि आंत हजारपट अंतर! डोळा क्षणांत इकडे, क्षणांत तिकडे फिरून आणि स्वतःला जुळवून घेऊन हें अंतर झांकून टाकतो. छापील कागदाला तें सामर्थ्य नाहीं. त्यावरील सर्वांत पांढरा ठिपका सर्वांत काळ्याच्या फार तर पन्नास ते शंभर पट उजळ असतो. तेव्हां हजारांची श्रेणी शंभरांत बसवावयाची म्हणजे कशाला तरी मुकावें लागतेंच. छायाचित्रकार अँसेल ॲडम्स ह्यांनीं छटांचे विभाग पाडून ह्यावर जो विचार केला होता, त्याच्या आधारें यूटा विद्यापीठांतील संशोधकांनीं २००२ सालीं संगणकासाठीं एक रीति बसविली. परंतु किती दाबावयाचें आणि किती सोडावयाचें, हा निर्णय अद्यापिहि चित्र करणाऱ्याच्या हातीं आहे. खिडकीबाहेरचें झाड स्पष्ट, खोलीचा कोपराहि स्पष्ट, आणि कोठेंच दिपणें नाहीं कीं अंधारणें नाहीं, असें चित्र दिसलें कीं तें फार दाबलेलें आहे असें खुशाल समजावें. चांगला चित्रकार खिडकीला थोडें दिपूं देतो आणि कोपऱ्याला थोडें अंधारूं देतो. कोनाड्यांतील समईचें तेज कोनाड्याबाहेरच्या काळोखावर अवलंबून असतें, हें ज्या घरांत समई लागते तेथें कोणालाहि सांगावें लागत नाहीं.

आतां आजीबाईंच्या प्रश्नाकडे वळावयाचें. वर सांगितलेलें सर्व कौशल्य जसें खरी खोली दाखविण्यास उपयोगी आहे, तसेंच नसलेली खोली दाखविण्यासहि आहे. आणि गणित दोहींकडे सारखेंच बिनचूक चालतें. समोरची इमारत चित्रांतून काढून टाकली तर संगणक तक्रार करीत नाहीं. तिच्या जागीं निळें आकाश ठेवलें तर तो त्या आकाशाचा उजेड इमानानें मोजून भिंतीवर आणून सोडतो. चित्र पटणारें होतें, कारण उजेड नियमाप्रमाणें वागतो. आणि तरीहि खोटें असतें, कारण तो उजेड तेथें कधींच येणार नसतो.

हें ताडून पाहण्याचे कांहीं साधे उपाय आहेत. मुंबई सुमारें १९ अक्षांशांवर आहे. डिसेंबरच्या अखेरीस दुपारीं सूर्य तेथें दक्षिणेकडे सुमारें ४८ अंश उंचीवर असतो. दक्षिणेच्या खिडकीची वरची कड जमिनीपासून सात फुटांवर असली, तर त्या वेळचें ऊन खोलींत सुमारें सवासहा फूटच येऊं शकतें. वर सज्जा असला तर त्याहूनहि कमी. मेच्या मध्यास आणि पुन्हां जुलईच्या अखेरीस सूर्य दुपारीं बरोबर डोक्यावर येतो. त्या दोहोंच्या दरम्यान तो किंचित् उत्तरेकडे असतो, पण इतका उंच कीं ऊन खिडकीच्या उंबऱ्याजवळच थांबतें. खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत पोंचणारें लांब ऊन हवें असेल तर सूर्य क्षितिजाजवळ असला पाहिजे, म्हणजे खिडकी साधारण पूर्वेची किंवा पश्चिमेची पाहिजे, आणि त्या दिशेला आडवें येणारें कांहीं असतां कामा नये. उत्तरेच्या खिडकींतून भर दुपारीं कोचापर्यंत आलेलें सोनेरी ऊन हें मुंबईचें ऊन नव्हे.

आकाशाच्या उजेडाचीहि अशीच परीक्षा आहे. खिडकीपासून दहा फूट आंत एक मनुष्य बसला आहे, त्याचा डोळा जमिनीपासून चार फुटांवर आणि खिडकीची वरची कड सात फुटांवर आहे, असें धरावें. त्याची नजर दहा फुटांत तीन फूट चढते. समोरची इमारत खिडकीपासून वीस फुटांवर असली, तर ती नजर तिच्या भिंतीवर ह्या मजल्याच्या जमिनीपासून तेरा फूट उंचीवर जाऊन आपटते. समोरची इमारत त्याहून उंच असली कीं ह्या माणसाला आकाशाचा एक तुकडाहि दिसत नाहीं. त्याच्या वांट्याला येणारा दिवसाचा उजेड म्हणजे समोरच्या भिंतीवरून परतलेला उजेड. आणि ती भिंत पावसानें काळी पडलेली असली तर तोहि नांवापुरता. अशा खोलींत शाळेंतील मूल दिवसा दिवा लावून अभ्यास करतें, म्हातारे मनुष्य वर्तमानपत्र घेऊन जिन्यांत जाऊन बसतें, आणि विजेचें बिल वर्षानुवर्षें भरावें लागतें. त्या खोलीच्या चित्रांत मात्र सकाळ झालेली असते आणि ती कधीं मावळत नाहीं.

कायद्यानेंहि ह्या बाबतींत कांहीं आधार दिलेला आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ ह्याच्या बाराव्या कलमाप्रमाणें, जाहिरातींतील किंवा माहितीपत्रकांतील मजकुरावर अथवा नमुन्याच्या सदनिकेवर विसंबून ज्यानें पैसे भरले, आणि त्यांतील असत्य विधानामुळें ज्याचें नुकसान झालें, त्याला भरपाई मागतां येते. व्यवहारांतून निघावयाचें असल्यास भरलेली रक्कम व्याजासह परत मागतां येते. परंतु उजेड हें विधान आहे काय? चित्राच्या तळाशीं बारीक अक्षरांत "केवळ कलावंताची कल्पना" असें लिहिलेलें असतें. क्षेत्रफळ मोजून दाखवितां येतें; उन्हाचें खोटेपण सिद्ध करणें तितकें सोपें नाहीं. म्हणून ह्या ठिकाणीं कायद्याच्या आधीं डोळ्यांनीं जागें असणें बरें.

उजेड प्रामाणिकपणें मोजून दाखविण्याचीं साधनें नाहींत असें मात्र कोणी समजूं नये. कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेंत ग्रेग वॉर्ड ह्यांनीं 'रेडियन्स' नांवाची जी संगणकीय पद्धति तयार केली आणि १९९४ सालीं विद्वानांपुढें सविस्तर मांडली, तिचा हेतु चित्र सुंदर दिसावें एवढाच नव्हता. खोलीच्या प्रत्येक भागीं किती लक्स उजेड येईल, हें बांधकामापूर्वीं समजावें हा होता. अमुक गांव, अमुक महिना, अमुक वेळ, आकाश स्वच्छ कीं ढगाळ, भिंतींचा रंग कोणता, समोर काय आहे, हें सर्व तिला सांगावें लागतें; आणि मग ती जें सांगते तें कित्येकदां चित्रापेक्षां उदास असतें. परंतु त्या उदास उत्तराचाच खरा उपयोग आहे. खिडकी फूटभर उंच करावी, सज्जा आंखूड करावा, समोरच्या भिंतीला पांढरा हात द्यावा, अभ्यासाची जागा ह्या खोलींतून त्या खोलींत न्यावी, हे निर्णय कागदावर असतांनाच घेतां येतात. भिंत उभी राहिल्यावर तेच निर्णय हातोड्यानें घ्यावे लागतात.

तेव्हां नव्या घराचें चित्र हातीं आलें असतां विचारावयाचे प्रश्न फार नाहींत. ह्या चित्रांत उत्तर दिशा कोणती? महिना कोणता आणि वाजले किती? समोरची इमारत दाखविली आहे कीं वगळली आहे? चित्रांत न दिसणारा एखादा दिवा लावलेला आहे काय? आणि शेवटचा, सर्वांत उपयोगाचा: हीच खोली जुलईंतील पावसाळी दुपारीं, दिवे न लावतां, कशी दिसेल, तें दाखवितां काय? ज्या चित्रकाराजवळ खोलीचा खरा आराखडा आहे, त्याला हें दुसरें चित्र काढण्यास विशेष श्रम पडत नाहींत. तें काढून देण्याची ज्याची तयारी असेल, त्याच्या पहिल्या चित्रावरहि विश्वास ठेवण्यास जागा आहे.

तें पावसाळी चित्र सुंदर नसेल. कोपरे अंधारे असतील, फरशी निस्तेज असेल, खिडकीजवळ तेवढा राखी उजेडाचा एक पट्टा असेल. पण घरांतील वडील माणसें तें पाहून सांगूं शकतील कीं, आपली खुर्ची कोठें ठेवावयाची. उन्हाची चौकशी करणाऱ्या आजीबाईंना तरी ह्याहून निराळें काय हवें होतें?